कडी कुठल्या बाजूला आहे? कोल्हापुरातल्या एका लॉजचा रिव्ह्यू

मोबाइलवर लॉजचे रिव्ह्यू वाचायचा मला नाद आहे. अंबाबाईचं देऊळ चालत किती मिनिटांवर, गरम पाणी किती वाजेपर्यंत, गाडी लावायला जागा आहे का, खाली मिसळ कशी मिळते, मॅनेजर उद्धट आहे का. सगळं लिहितात लोक. एका भाविकानं उशी फार उंच म्हणून दोन स्टार कापलेत. पण दाराची कडी किती उंचावर आहे आणि बाहेरच्या बाजूला कोयंडा आहे का, हे आजवर एकाही रिव्ह्यूत वाचायला मिळालं नाही. मला तर आधी तेवढंच बघायचं असतं.

मी धंदा करते. सोळा वर्षं झाली, त्यातली बारा कोल्हापुरात. घरवालीकडं, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडं नाही, कुणाच्या हाताखाली नाही. फोन माझा, गिऱ्हाईक माझं, वेळ माझी. एचआयव्हीच्या प्रोजेक्टवाल्यांच्या यादीत आमच्यासारखीला 'लॉज बेस्ड' म्हणतात. माझं नाव इथं सांगणार नाही. लॉजचंही सांगणार नाही, आणि का नाही ते पुढं कळेलच. अजून एक. आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी जातो' म्हणतात. मीपण तसंच बोलते. इथं मुद्दाम पुस्तकातल्यासारखं 'आले, गेले' लिहितेय, नाहीतर बाहेरगावच्यांना वाटायचं, कुणी बाप्याच बाईच्या नावानं लिहितोय.

तर लॉज. तीन मजली, जुनं बांधकाम. दोन मजल्यांवर मिळून दहा खोल्या, वर मालकाची अडगळ आणि पाण्याच्या टाक्या. जिना एकच, आणि इतका अरुंद की एक उतरत असला तर दुसऱ्यानं खाली थांबायचं. बॅगा नेता येत नाहीत म्हणून लोकांनी जिन्याला लई नावं ठेवलीत. मला तो जिनाच आवडतो. जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर अण्णा बसलेले असतात आणि त्यांच्या गुडघ्याला धक्का लागल्याशिवाय कुणाला वर जाता येत नाही.

खोली मी दोन नंबरची घेते. रस्त्याच्या बाजूची आहे. गाड्यांचा आवाज येतो, रात्री अकरापर्यंत खालच्या गाड्यावर भांडी वाजत असतात. कुटुंबवाले ही खोली नको म्हणतात. पण मला ऐकू येतं म्हणजे माझंही खाली ऐकू जातं. मागच्या बाजूच्या खोल्या शांत आहेत, तिथं मोबाइलला रेंज मिळत नाही, खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते. तिथं मी बसत नाही, पैसे कमी घेतले तरी नाही.

दोन नंबरच्या दाराला आतून एकच कडी आहे, माझ्या खांद्याच्या उंचीवर. हे महत्त्वाचं आहे. कडी उंचावर असली की पुरुषाचा हात आधी पोचतो. मी पाच फुटाला दोन बोटं कमी. एका लॉजात कडी दाराच्या पार वरच्या टोकाला होती, मला टाचा उंचवून काढावी लागायची. तिथं एकदा गेले ती परत नाही. दुसरं म्हणजे, या दाराला बाहेरून कोयंडा नाही, नुसतं कुलपाचं भोक आहे. बाहेरून कुणाला अडकवून जाता येत नाही. बाथरूमला आतून बोल्ट आहे आणि तो खरोखर बसतो. पाण्याचा जग स्टीलचा, ग्लासही स्टीलचे. काचेचं काही नाही. पलंगाशेजारी दिव्याचं बटण आहे. हे सगळं मी पहिल्या दिवशी खोलीत गेल्याबरोबर बघितलं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, खोली विकत घेतेयस काय?

चादरी बऱ्या असतात. पाणी सकाळी येतं, दुपारी नसतं. पंखा आवाज करतो. तीन तासांचे सातशे घेतात, पूर्वी चारशे होते. यावर अजून काही लिहीत नाही, इतर लोकांनी लिहिलंय.

आता अण्णा. साठी ओलांडलेले, चंदगडकडचे. आधी शिरोलीच्या एका फाउंड्रीत होते, डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली. वयानं माझ्या बापाएवढे, पण मला अक्का म्हणतात. मी गिऱ्हाइकाबरोबर वर गेले की बरोबर अर्ध्या तासानं दार वाजतं. "अक्का, चहा सांगू का?" मी आतून "दोन सांगा" म्हटलं की सगळं ठीक. "एकच सांगा" म्हटलं की अण्णा दारातून हलत नाहीत. गिऱ्हाइकाला वाटतं काय चांगली सर्व्हिस आहे. चहा खरंच येतो, आणि आल्याचा असतो.

ही युक्ती आम्ही दोघांनी बसून ठरवलेली नाही. एकदा माझ्या आवाजावरून त्यांना कळलं होतं, तेव्हापासून पडलेली रीत आहे. लोक मला विचारतात, मालक नाही, दलाल नाही, मग तुला राखतं कोण? एक साठीचा माणूस आणि एक चहा.

काउंटरवरचं रजिस्टर हा वेगळाच विषय आहे. जाड, कापडी बांधणीचं. नाव, पत्ता, कुठून आला, कुठं जाणार, येण्याचं कारण, व्यक्ती किती, सही. मागं आधारची झेरॉक्स टाचलेली. 'येण्याचं कारण' या रकान्यात अण्णांच्या अक्षरात वर्षानुवर्षं एकच शब्द आहे, 'खाजगी'. देवदर्शनाला आलेल्यालाही खाजगी, औषध कंपनीच्या सेल्समनलाही खाजगी. हे रजिस्टर पोलीस अधूनमधून तपासायला येतात, सही करून जातात. त्यात खोट निघाली तर परवान्याला भोवतं, म्हणून रजिस्टर एकदम टापटीप. फक्त मी त्यात नसते. गिऱ्हाइकाचं आधार लागतं, व्यक्ती एक लिहितात, आणि पाच मिनिटांनी मी वर जाते. उद्या त्या खोलीत माझं काही बरंवाईट झालं, तर रजिस्टर सांगणार की तिथं एक माणूस एकटा झोपला होता.

एकदा मीच म्हटलं, माझं आधार घ्या, माझं नाव लिहा, मला काही लाज नाही. तर तेव्हा नवा फतवा निघालेला, लोकल आयडी चालणार नाही. लेखी काही नाही, वरून सांगितलंय म्हणे. माझ्या आधारवर पत्ता गडहिंग्लज तालुक्याचा. सत्तरेक किलोमीटरवरून आले तरी जिल्हा कोल्हापूर, म्हणजे मी लोकल. माझी एक मैत्रीण निपाणीची. ती चाळीस किलोमीटरवरून येते, पण निपाणी कर्नाटकात, म्हणून ती परराज्यातली पाहुणी. तिच्या नावावर खोली मिळते, माझ्या नाही. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी लॉजची खोली घेणं हा गुन्हा नाही, असं मद्रास हायकोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय. पण काउंटरवर मद्रास हायकोर्ट बसत नाही, मालकाचा मेहुणा बसतो.

मग अण्णांनी स्वतःची एक वही केली. दोनशे पानी, लांब, कव्हरवर चिमणीचं चित्र. त्यात तारीख, खोली, गिऱ्हाइकाच्या गाडीचा नंबर, फोन नंबर, आणि माझं नाव म्हणून 'अ' एवढंच अक्षर. अक्काचा अ. गिऱ्हाईक वर गेलं की ते खाली उतरून गाडीचा नंबर बघून येतात. ती वही त्या लॉजमधली सगळ्यात कामाची वस्तू आहे असं मी म्हणेन. आणि ती वही अण्णा रोज रात्री घरी नेतात, कारण लॉजवर सापडली तर तीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा. धंद्याला जागा देणारा, धंद्याचा हिशेब ठेवणारा, असं होतं ते.

कोजागरीच्या रात्रीचं सांगते. दोन वर्षं झाली. गिऱ्हाईक नवीन, फोनवर बोलायला नीट, शर्ट इस्त्रीचा. खोलीत गेल्यावर दहाव्या मिनिटाला त्यानं फोन लावला आणि 'या' म्हणाला. त्याचे दोन दोस्त आधीच चार नंबरमध्ये येऊन बसलेले, रीतसर आधार देऊन, देवदर्शनाला आलेले म्हणून. जिना चढायची गरजच नव्हती त्यांना. मी नाही म्हटलं, पैसे परत दिले, तर मनगट धरून पिरगाळलं आणि माझा फोन भिंतीवर मारला. तेवढ्यात दार वाजलं. चहा सांगू का? अर्धा तास झाला नव्हता. दोघांना चार नंबरमधून निघताना अण्णांनी जिन्यातून बघितलं असणार. मी ओरडून म्हटलं, एकच सांगा.

अण्णा काही बोलले नाहीत. पाऊल खाली गेल्याचं ऐकू आलं आणि मला वाटलं, गेला हा म्हातारा. मग मजल्यावरची सगळी लाइट गेली. अण्णांनी मेनस्विच पाडला होता. आणि जिन्यातून बोंब, "शॉर्ट झालंय! वायर पेटली! सगळी खाली उतरा!" दहाही खोल्यांची दारं धाडधाड उघडली. लहान पोरं रडायला लागली, एक म्हातारी अंबाबाईचा धावा करत निघाली. त्या गर्दीत कडी मी काढली. खांद्याच्या उंचीवर होती म्हणून अंधारात हाताला लागली. म्हातारीच्या मागोमाग खाली आले.

तिघंही गर्दीतच निघून गेले. त्यांच्या आधारच्या झेरॉक्सा काउंटरवर होत्या, गाडीचा नंबर वहीत होता. पकडायला सोपं होतं. मी म्हटलं, एकशे बारा लावा. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "अक्का, गाडी आली की पंचनामा खोलीचा होणार. तुझा जबाब मागनं, माझं कुलूप आधी."

मला त्यांचा राग आला. चार दिवस बोलले नाही. सरकारी दवाखान्यात मनगट दाखवायला गेले, तिथं बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं, तसंच केसपेपरवर लिहिलं गेलं.

नंतर सांगलीत आमच्या बायकांच्या बैठकीला गेले होते. तिकडं बायकांची संघटना जुनी आहे. वेश्या अन्याय मुक्ती परिषद म्हणजे व्हँप, नव्वदच्या दशकापासूनची, संग्राम या संस्थेच्या कामातून उभी राहिलेली. तिथं आलेल्या एका वकीलबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचे अण्णा भित्रे नाहीत, त्यांनी कायदा बरोबर वाचलाय. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला आम्ही सगळ्या पिटा म्हणतो, त्याच्या सातव्या कलमात हॉटेलसाठी खास ओळ आहे. देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत हा धंदा चालू दिल्याचं सिद्ध झालं, तर शिक्षा होतेच, शिवाय हॉटेलचा परवाना कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त एक वर्ष निलंबित होऊ शकतो. आणि अल्पवयीन मुलगी असली तर रद्दही होऊ शकतो. ते शेवटचं योग्यच आहे, त्याला माझी काही हरकत नाही. पण बाकीचं बघा. मला मारणाऱ्याची तक्रार करायची म्हणजे मला जागा देणाऱ्यानं स्वतःचा परवाना टेबलावर ठेवायचा.

आता तुम्ही म्हणाल, २०० मीटर सोडून बसा की. कोल्हापुरात? कंपास घ्या, शहराच्या नकाशावर प्रत्येक देवळाभोवती, शाळेभोवती, दवाखान्याभोवती गोल काढा. पेठांमध्ये तर गल्लीला मारुती आणि कोपऱ्याला गणपती. गोल काढून झाले की उरलेली जागा रंकाळ्याच्या मधोमध सापडेल, तिथं होडी लागेल.

लॉजच्या काउंटरमागं फ्रेम केलेले कागद लटकलेत. महापालिकेचा परवाना, शॉप ॲक्ट, आगीचा दाखला, खालच्या चहावाल्याचा अन्न परवाना. मी बारा वर्षं त्यांच्याखालून जाते. आगीच्या दाखल्यासाठी लाल सिलिंडर तपासायला माणूस येतो, काटा हिरव्यात आहे का बघतो. अन्न परवान्यासाठी पाणी बघतात. त्या भिंतीवर असा एकही कागद नाही ज्यासाठी कुणी कडी बघितली असेल, किंवा रात्री जिन्यात माणूस बसतो का हे विचारलं असेल. परवाने आहेत ते लॉजला माझ्यापासून वाचवण्यासाठी.

वकीलबाईंना मी अजून एक विचारलं होतं. मी आणि निपाणीची मिळून दोन खोल्यांचं घर भाड्यानं घ्यावं, एकीचं गिऱ्हाईक असलं की दुसरी स्वयंपाकघरात बसेल, असं आमचं चाललेलं. लॉजच नको, दोघी एकमेकींना बघू. त्या हसल्या, पण हसण्यासारखं नव्हतं. त्या कायद्यात कुंटणखान्याची व्याख्याच अशी आहे की दोन किंवा जास्त बायकांनी परस्परांच्या फायद्यासाठी जागा वापरली तरी तो कुंटणखाना. चालवणारीला पहिल्या खेपेला कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. म्हणजे मी एकटी, बंद खोलीत, अनोळखी माणसाबरोबर बसले तर तो कुंटणखाना होत नाही. पलीकडं मैत्रीण बसली की होतो.

आणि माझा मुलगा. तो आयटीआयला आहे, फिटर ट्रेड, गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाली. अठरावरच्या कुणीही अशा कमाईवर जाणूनबुजून जगणं हा चौथ्या कलमाखाली गुन्हा, दोन वर्षांपर्यंत. त्याची फी मी भरते, डबा मी देते. वाढदिवसाला केक आणला होता, अननसाचा. त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं ते बरं.

सगळंच वाईट आहे असं नाही. १९ मे २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश माझ्या पर्समध्ये आहे, झेरॉक्सची घडी पार फाटायला आलीय. रेड झाली तरी स्वतःच्या मर्जीनं धंदा करणाऱ्या सज्ञान बाईला अटक करायची नाही, दंड करायचा नाही, त्रास द्यायचा नाही, ही समितीची शिफारस त्यात आहे, पण तेवढीचा हुकूम झालेला नाही. बाकीच्या दोन गोष्टींचा हुकूमच आहे. निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरायचा नाही. तिच्यावर अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेसारखी वैद्यकीय मदत तातडीनं द्यायची. त्याआधी २०२० मध्ये मुंबई हायकोर्टानं तीन मुलींना सुधारगृहातून सोडताना सांगितलं होतं की या कायद्यात वेश्याव्यवसाय करणं हाच मुळात गुन्हा म्हटलेला नाही. वाचून बरं वाटतं. निरोधाचं तर मी स्वतः एका हवालदाराला कागद काढून दाखवलंय, त्यानं वाचला आणि घडी घालून परत दिला. पण तो कागद माझ्यासाठी आहे. अण्णांसाठी तसा कागद नाही. चिमणीच्या चित्राची वही पुरावा धरू नये असं कुठल्याच कोर्टानं म्हटलेलं नाही.

बैठकीत परदेशातलंही सांगितलं होतं, ते मला लक्षात राहिलंय. न्यूझीलंडमध्ये २००३ पासून चार बायका मिळून एका घरात धंदा करू शकतात, जिची कमाई तिच्या हातात, त्यांना चालकाचा दाखला लागत नाही. चारच्या वर गेल्या किंवा कुणी मालक असला की लागतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड म्हणून राज्य आहे, तिथं पूर्वी आपल्यासारखंच होतं. परवान्याचे कुंटणखाने वेगळे, घरी एकटी बसली तर चालेल, दोघी बसल्या तर गुन्हा. ते त्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये काढून टाकलं. म्हणजे निपाणीची आणि मी तिथं असतो तर आता स्वयंपाकघराचा प्रश्न मिटला असता. जर्मनीत २०१७ पासून बाईनं स्वतःचं नाव नोंदवायचं, दाखला जवळ बाळगायचा. टोपणनावाचा दाखलाही मिळतो म्हणे, तरी कितीतरी बायका नोंदवतच नाहीत.

मला विचारलं, तुला लायसन दिलं तर घेशील का? बैठकीतल्या निम्म्या बायका हो म्हणाल्या. लायसन असलं की हप्ता बंद होईल असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. कोल्हापूर केवढं? एखाद्या ऑफिसात फाइल झाली की तिथल्या शिपायाची बायको कुणाची तरी मावसबहीण निघणार, आणि ती मावसबहीण गडहिंग्लजच्या बाजारात आमच्या आत्याला भेटणार. संध्याकाळपर्यंत बातमी गावात. आणि एकदा यादी झाली की यादीत नसलेलीला धरायला सोपं. नवऱ्याला न सांगता आठवड्यातून दोनदा करणारी, घरकाम सांभाळून करणारी, ती कधी नोंदवणार? ती अजून अंधारातल्या खोलीत जाणार. लायसन द्यायचंच तर कडीला द्या, असं मी म्हटलं तेव्हा सगळ्या हसल्या. मी गमतीनं म्हटलं नव्हतं.

दुसरीकडं जाऊन बघितलं का? बघितलं. हायवेला एक नवं हॉटेल आहे. कार्डानं दार उघडतं, कॉरिडॉरभर कॅमेरे, दोघांचंही आधार स्कॅन. कागदोपत्री सगळ्यात सुरक्षित. कॅमेरा सगळं बघतो, पण चहा विचारत नाही. रिसेप्शनवरच्या पोरीला मी लिफ्टमधून उतरताना सुजलेल्या तोंडानं दिसले असते तरी तिनं 'हॅव अ नाइस डे मॅम' म्हटलं असतं. दोनदा गेले. आणि तिसरा पर्याय म्हणजे फार्महाऊस, पन्हाळ्याकडं, गगनबावड्याकडं. शहरात तपासण्या वाढल्या की गिऱ्हाइकं तिकडंच बोलावतात. तिथं ना रजिस्टर, ना जिना, ना अण्णा, ओरडलं तर ऐकायला ऊस. नवीन पोरींना मी एकच सांगते, पैसे दुप्पट दिले तरी तिकडं जाऊ नका. जातात.

आता या लॉजचं ताजं सांगून संपवते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे पक्षकार, वकील इकडं यायला लागले. शहराला चांगलंच झालं, इतकी वर्षं सगळे मागत होते. पण मालकाच्या मुलानं हिशेब मांडला. वकील लोक राहायला येणार, रेट वाढवता येणार, लॉजचं नाव स्वच्छ पाहिजे, परवाना रिन्यू करताना कुणी बोट दाखवायला नको. बाहेर रंग मारला, बोर्डाला एलईडी लावली. जिन्याच्या तोंडाशी कॅमेरा बसवला आणि स्टूल काढून टाकलं. अण्णांना दिवसपाळी दिली. रात्री काउंटरवर आता एक पोरगा असतो, कानात इअरफोन घालून. वाईट नाही पोरगा, पण गाडीचा नंबर बघायला खाली उतरत नाही.

मी आता फक्त दुपारी जाते, अण्णा असतात तेव्हा. गिऱ्हाईक कमी झालं, रात्रीचे पैसे बरे मिळायचे. मालकाच्या मुलानं मला तोंडावर काही म्हटलेलं नाही. 'काकू, जरा जपून' एवढंच म्हणाला. मी बेचाळीसची आहे, काकू ऐकून घेतलं.

स्टार द्यायचे झाले तर पूर्वी मी साडेचार दिले असते, अर्धा पाण्यासाठी कापून. आता दिवसा साडेतीन. रात्री दीड, तोही कडीसाठी.

परवा दोन नंबरमध्ये गेले तर कडीचा खालचा स्क्रूच नव्हता. रंगाऱ्यांनी कडी काढली होती, परत लावताना तीनच मारले. आणि बाहेरच्या बाजूला नवा, चकचकीत कोयंडा. खोली रिकामी असताना मोठं कुलूप घालायला मालकाच्या मुलानं सगळ्या दारांना बसवून घेतलाय. मी अण्णांना दाखवलं. ते काही बोलले नाहीत, खाली जाऊन पेचकस घेऊन आले. आधी आतल्या कडीला चौथा स्क्रू मारला. मग इकडं तिकडं बघितलं आणि तीन बोटांच्या हातानं धरून बाहेरचा कोयंडा सोडवला, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. "मालकानं विचारलं तर चोरीला गेला," म्हणाले, "चहा सांगू का?"

दोन सांगा म्हटलं.